न भाजलेली नागली

जीपच्या टपावरची पोती उतरवायची नाहीत, असं आशाने सांगितलं तेव्हा दिनेशने दोरीची पहिली गाठ सोडली होती. ती त्याने निमूटपणे परत बांधली. लग्नाला अठ्ठावीस वर्षं होऊन गेली होती. बायकोच्या कुठल्या आवाजावर 'का गं?' विचारायचं आणि कुठल्या आवाजावर तोंड मिटून उभं राहायचं, एवढं शहाणपण त्याला आलं होतं.

"आता काय झालं?" बचत गटातली चिमणाबाई कमरेवर हात ठेवून म्हणाली. "पहाटं चारला सुरगाण्याहून निघालो, हाडं खिळखिळी झाली, आन् आता पोती वरच?"

"वरच. आत जाऊन बघ, मग बोल."

चिमणाबाई आत गेली नाही. ती का गेली नाही, हे आशाच्या त्या वेळी लक्षात आलं नाही.

शेड लखनची, म्हणजे आशाच्या धाकट्या दिराची. नाशिकला, सातपूरच्या मागच्या गल्लीत, दोन लेथ वर्कशॉपच्या मधोमध. पंधरा वर्षं तो डेअऱ्यांसाठी स्टीलच्या टाक्या बनवत आला होता. "वहिनी, यंदा मोठ्या टाक्यांचं काम आहे, आपल्या रोशनीचंच," असं त्याने दिवाळीत सांगितलं होतं. टाक्या म्हटल्यावर आशाला दूध आठवलं आणि नागली म्हटल्यावर लहान मुलांचं सत्व. आपली पोरगी मायक्रोबायोलॉजी शिकलेली, शहरात नागलीला, त्यांच्या नाचणीला, मागणी आहे म्हणते, बचत गटाकडून मोड आणलेली नागली पोत्यांनी नेते. आणखी काय असणार? आशाने अख्ख्या पाड्यावर सांगून ठेवलं होतं, माझी लेक लेकरांचं खाणं बनवते. सांगताना तिचा ऊर भरून यायचा.

उद्या सरकारी साहेब परवान्याच्या शेवटच्या तपासणीला येणार होता, म्हणून आज घरच्या घरी नारळ फोडायचा बेत होता. पोचल्या पोचल्या आशा हात धुवायला आत गेली होती. नळापाशी रिकामी पोती घडी घालून ठेवली होती. त्यांच्यावर 'कणसरी महिला बचत गट' असा निळा छाप होता. तो छाप तिने स्वतः, अंगणात बसून मारलेला. आणि पोत्यांच्या वर, चार चकचकीत टाक्यांमधून एक वास येत होता. थंड, आंबूस, थोडा गोड. हा वास ओळखायला आशाला कुणाची मदत लागणार नव्हती. अठ्ठ्याण्णव साली तीस बाया घेऊन ती घराघरात शिरली होती ती याच वासाच्या मागावर. पाड्यावरचं दारूचं एकेक मडकं तिने फोडलं होतं, आणि सुरुवात स्वतःच्या सासूच्या झोपडीपासून केली होती.

पोती वरच ठेवायला सांगून ती परत आत आली तेव्हा रोशनी गमबूट घालून टाकीची झडप पुसत होती.

"हे दूध हाय?" आशाने टाकीवर बोट ठेवलं.

"नाही."

"सत्व?"

"बिअर आहे, आई. सध्या चाचणीपुरती परवानगी आहे. थोडे जव, बाकी सगळी आपली नागली." रोशनीने फडकं खाली ठेवलं. "पूजा झाल्यावर मी सांगणारच होते."

"नारळ माझ्या हातनं फोडून घेऊन मग सांगणार होतीस."

"मी कधीही सत्व म्हणाले नव्हते."

"नव्हतीस. मी म्हणत होते तवा गप बसलीस." आशाचा आवाज चढला नाही. तो चढला असता तर रोशनीला बरं वाटलं असतं. "दारूबंदीच्या बायांकडून दारूची नागली भिजवून घेतलीस. तुझ्या आईच्या छापाखाली. परक्यानं केलं असतं तर मी त्याला गावच्या वेशीपर्यंत पळवला असता. तुला कुठं पळवू?"

रोशनीकडे उत्तरं नव्हती असं नाही. वर्षभर तिने तीच घोकली होती. दिवाळीत सांगायचं ठरवलं, तेव्हा आई गटाच्या बायांना घेऊन तालुक्याला गेली होती. होळीला सांगायचं ठरवलं, तेव्हा आईने शेजारणीसमोर तिचा हात धरून म्हटलं, हिच्या हाताला पुण्य लागतंय. त्यानंतर सांगणार कसं? ही काही सबब नव्हती, हे तिलाही कळत होतं. ती घाबरली होती, एवढंच खरं. पण घाबरणं आणि लाजणं यांत फरक आहे, आणि या कामाची लाज तिला एक दिवसही वाटली नव्हती.

"चुकले," ती म्हणाली. "सांगायला हवं होतं. त्याची माफी मागते. पण बिअर बनवली त्याची माफी मागणार नाही."

"रोशनी!" लखन टाकीच्या मागून पुढे आला. "वहिनी, जरा बसा. चहा घ्या. उद्या एवढी तपासणी होऊन जाऊ दे, मग तुम्ही म्हणाल तसं…"

"लखनभाऊ, तुमचं दूध नासलं म्हणायचं," आशा म्हणाली. लखन परत टाकीमागे सरकला.

"मी चार वर्षं वायनरीत लॅबमध्ये होते, आई, तुला माहीत आहे. शनिवार-रविवारी मुंबईहून गाड्या यायच्या. लोक ग्लास उजेडात धरायचे, नाकाशी न्यायचे, मी त्यांना समजावून सांगायचे. एकदा एकाने विचारलं, तू कुठली? सुरगाण्याची म्हटल्यावर सगळे हसले. म्हणे, मग तुमच्याकडे तर घरोघरी फॅक्टरी! त्यांच्या हातात ग्लास होता आणि मीच मान खाली घातली. त्या दिवशी ठरवलं, करीन तर आपल्या धान्याची करीन, परवाना घेऊन करीन, आणि बाटलीवर नागली असं मोठ्या अक्षरात लिहीन."

"आन् ती बाटली पिऊन कुणाचा तरी बाप घरी येईल. तुझा यायचा तसा."

दाराशी उभ्या असलेल्या दिनेशने मान फिरवली.

तेवढ्यात खुर्ची करकरली. प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसलेली झुंबरबाई, दिनेश-लखनची आई, इतका वेळ काठी दोन पायांच्या मध्ये धरून ऐकत होती. तिला कमी ऐकू येतं असं सगळे समजत. तिला सोयीपुरतं कमी ऐकू यायचं.

"द्राक्षाची केली तर पाव्हणं येत्यात, फोटू काढत्यात," ती म्हणाली. "मोहाची केली तर पोलीस येतो. मला नेली होती ना जीपमंदी घालून. दोन दिस बसवली ठाण्यात. साहेबानं इचारलं, कशाला गाळतेस? मी म्हणलं, देवाला काय पाजू, तुझा चहा?"

लखनला हसू आलं, ते त्याने खोकल्यात घातलं.

"आत्या, तुम्ही नका मधी पडू," आशा म्हणाली.

"मधीच हाय मी. अकरा वरसं मधी हाय." झुंबरबाईने काठी जमिनीवर टेकली. "मडकी माझी फोडलीस. त्यातलं एक माझ्या आईचं व्हतं. तवा मी तोंड उघडलं? लेक वाचतोय म्हणलं, वाचू दे. सणाला पयला थेंब भुईला द्यायचा असतो, दाणा देणाऱ्या कणसरीला, मागच्या माणसांना. अकरा वरसं मी काळा चहा ओततेय. देवाची माफी मागते आन् ओतते. तुला कधी सांगितलं?"

आशाला हे ठाऊक नव्हतं. सणाच्या दिवशी म्हातारी कपातला चहा अंगणात सांडते, ते हात थरथरतो म्हणून, असं तिने आजवर धरून ठेवलं होतं. तिने सासूकडे पाहिलं, मग दुसरीकडे पाहिलं.

"तुमच्या मडक्यानं माझं घर बुडत व्हतं, आत्या. मी काय करायचं व्हतं?"

इथे दिनेश बोलला. घरात मोठं भांडण लागलं की दिनेश जीपचं ऑइल बघायला जातो, ही सगळ्यांची सवय. म्हणून तो बोलतोय हे कळायलाच दोघातिघांना वेळ लागला.

"आईच्या मडक्यानं नाय," तो म्हणाला.

"काय?"

"आईच्या मडक्यानं नाय बुडत होतं. आई सणाला गाळायची, लग्नाला गाळायची. बाकीच्या दिवशी तिच्याकडं काय मिळायचं? मी नाक्यावरच्या दुकानातनं प्यायचो. रोज. सरकारी पाटीचं दुकान, सकाळी आठला उघडायचं. भाडं मारलं की पहिला थांबा तिथं." तो जमिनीकडे बघत बोलत होता. "तू मडकी फोडलीस त्या दिवशी मी दुकानाच्या मागंच बसलेलो. तिथनं मला आवाज ऐकू आला. लाज वाटली म्हणून सुटली माझी. पण सगळा गाव म्हणाला, झुंबरबाईच्या मडक्यानं पोरगा बिघडवला, आणि मी म्हणू दिलं. मला सोपं पडलं ते."

 

झुंबरबाईने लेकाकडे पाहिलं. "अकरा वरसं लागली व्हय रे तुला, दिन्या?"

"लागली, आई."

आशाच्या मनात यावर संताप यायला हवा होता. आला नाही. कारण ती बातमी नव्हती. दुकान तिला काय दिसत नव्हतं? त्या दिवशी तीस बाया आधी नाक्यावरच गेल्या होत्या. तिथे शटरपुढे दोन पोलीस काठ्या घेऊन उभे होते. परवान्याचं दुकान आहे, हात लावाल तर आत घालू, म्हणाले. बाया मागे फिरल्या. पण हातातल्या काठ्या तशाच घेऊन घरी कसं जायचं? मग त्या पाड्यात शिरल्या. पुढे आशाने अर्जावर अर्ज दिले, मतदान झालं, बंदीची आडवी बाटली जिंकली, आणि दुकान उचलून गावच्या शिवेपलीकडे शंभर पावलांवर जाऊन बसलं. अजून तिथेच होतं.

"मला ठाऊक व्हतं," ती म्हणाली. हे ती पहिल्यांदाच मोठ्याने बोलत होती, तेही सासूच्या तोंडावर. "दुकानापुढं पोलीस व्हते, आत्या. तुमच्या मडक्यापुढं कुणीच नव्हतं."

"मी व्हते की," झुंबरबाई म्हणाली.

 आशाचे डोळे भरून आले आणि त्याचा तिला राग आला. ती तडक बाहेर गेली. मागोमाग रोशनी, लखन, सगळेच गेले. म्हातारीसुद्धा काठी टेकत दारापर्यंत आली.

"चिमणाबाई," आशा म्हणाली, "जीपमध्ये बस. पोती परत न्यायची. आपल्याला फसवलंय. सत्व-बित्व काही नाय, आत दारू बनतेय. आपण भिजवलेल्या नागलीची."

चिमणाबाई बसली नाही. ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत उभी राहिली.

"बस म्हणते ना!"

"आशे," चिमणाबाई म्हणाली, "मला ठाऊक हाय."

"काय ठाऊक हाय?"

"बिअरचं. कुसाबाईला ठाऊक हाय. मैनाला ठाऊक हाय. सगळ्या गटाला ठाऊक हाय." तिने एक मोठा श्वास घेतला. "अगं, सत्वाची नागली भाजत्यात. मोड आणायचे, वाळवायची, मंद भाजायची, मग दळायची. रोशनीनं पयल्याच दिवशी सांगितलं, वाळवा, पण अजिबात भाजू नका. भाजली तर कामाची नाय. तवाच आम्ही एकमेकींकडं बघितलं. तुझ्या सासूची आई मोहाच्या मडक्यात मूठभर मोडाची नागली टाकायची, ती अशीच, न भाजलेली. म्हाताऱ्या बायांना सांगावं लागतं का हे?"

"मला नाय कळलं," आशा म्हणाली.

"तुला कसं कळंल? तू कधी गाळलीस का? तू तर सदा मीटिंगला."

रोशनी तोंड उघडं टाकून बघत होती. वर्षभर आपण एक गुपित सांभाळतोय, या ओझ्याने तिला झोप लागत नव्हती. आणि ते गुपित पाड्यावरच्या प्रत्येक ओट्यावर वाळत पडलं होतं.

"मग मला का नाय सांगितलं?" आशाचा आवाज आता फाटला. "माझ्याबरोबर काठ्या घेऊन चालला होतात ना तुम्ही? तू तर पुढं व्हतीस, चिमणाबाई. तुझा नवरा त्याच्यापायी गेला!"

"गेला. म्हणूनच सांगते." चिमणाबाईही आता तापली. पदर तिने कमरेला खोचला. "माझा नवरा गेला, मग माझी सून दर वरसाला दिवाळी झाली की लेकरं घेऊन द्राक्षाच्या मळ्यांवर जायची. पाल ठोकून चार महिने. नातीची शाळा सुटायची. औंदा सून गेली नाय. मैनाची नाय, कुसाबाईचीबी नाय. घरी बसून नागली भिजवतात, वाळवतात. नात चौथीला गेली, वाचून दाखवते मला. तुझी तेवढी दारूबंदी, आणि माझी नात काय? ही बिअर आपल्या पाड्यावर येते का? आपल्या माणसाला परवडणार हाय का ती? मी रोशनीला पोती देणार. तू गटाची अध्यक्ष, तू मला काढून टाक. पण मी देणार."

"आन् मला सांगायचं नाय."

"भीती वाटली," चिमणाबाई म्हणाली. "पोलिसाची नाय वाटत तेवढी तुझी वाटते."

हे ऐकून म्हातारी दारात खुदकन हसली. आशा हसली नाही. तिला फार एकटं वाटलं. जिच्या पाठीमागे तीस बाया चालायच्या, तिला वर्षभर त्याच तीस बाया लहान मुलासारखं सांभाळत होत्या, दुखू नये म्हणून खोटं बोलत होत्या. याच्यापेक्षा त्यांनी तोंडावर भांडण केलं असतं तर बरं झालं असतं. निदान आज चिमणाबाईने तेवढं तरी केलं होतं.

"आई," रोशनी जवळ आली. "मी पाड्यावर येते. सगळ्यांसमोर उभी राहून सांगते. बाया नाही म्हणाल्या तर दुसरीकडून नागली आणीन, पण काम बंद करणार नाही. आणि तू नाही म्हणालीस तरी बंद करणार नाही. ते आत्ताच सांगते, परत लपवाछपवी नको."

"आवाज खाली कर. मला ऐकू येतं."

"साहेबाच्या ऑफिसातला कारकून मला म्हणाला, घरात कुणावर जुनी केस आहे का? मी म्हटलं, आहे, आजीवर. तो लिहायचं सोडून बघत राहिला. लोक हे लपवतात म्हणाला. मी म्हटलं, लिहा. तुझीच मुलगी आहे मी, आई. तूच शिकवलंस पुढं जायला. आता मागं ये म्हणू नकोस."

आशाने लेकीकडे पाहिलं. गमबूट, कपाळावर घाम, हनुवटी वर केलेली. अशी हनुवटी वर करून ती स्वतः नाक्यावर त्या दोन पोलिसांपुढे उभी होती. फरक एवढाच की तिला मागे फिरावं लागलं होतं.

"कागद हाय का?" तिने विचारलं.

"कशाला?"

"लखनभाऊ, कागद द्या. रेघांचा द्या. आणि पेन."

लखनने वहीचं पान फाडून आणलं. जीपच्या बॉनेटवर कागद ठेवून आशा लिहू लागली. साक्षरतेच्या वर्गात तिशीनंतर शिकलेलं अक्षर, मोठं आणि सावकाश. कुणी जवळ जायचं धाडस केलं नाही. लिहून झाल्यावर तिने खाली सही केली, हुद्दा लिहिला आणि कागद लेकीच्या हातात दिला. रोशनीने तो मोठ्याने वाचला, कारण म्हातारीला ऐकायचं होतं.

"साहेबांना नमस्कार. मी आशा दिनेश भोये, दारूबंदी महिला मंडळाची अध्यक्ष, ता. सुरगाणा. माझ्या मुलीच्या बिअरच्या कारखान्याला माझी हरकत आहे. ही हरकत आमच्या घरची आहे, ती आम्ही घरात भांडून मिटवू किंवा मिटवणार नाही. तिच्यावरून तुम्ही परवाना अडवू नये. अडवायचं असेल तर आमच्या शिवेवरच्या दुकानापासून सुरुवात करावी. त्याबद्दल आम्ही नऊ अर्ज दिले, एकाचंही उत्तर नाही. माझ्या सासूला मडक्यासाठी ठाण्यात बसवलं होतं. मुलीला कुणी कशासाठी बसवलं तर मी तीस बाया घेऊन येईन. कळावे."

लखनने कपाळाला हात लावला. "वहिनी, हे साहेबाला कसं द्यायचं? हे हरकतीचं पत्र आहे का शिफारशीचं, तेच कळत नाही."

"मला कळतंय," आशा म्हणाली. "रोशनी, फाइलीत लाव. सगळ्यात वर."

रोशनीने मान डोलावली. 

"अहो, पोती उतरवा," आशा नवऱ्याला म्हणाली. "आणि पुढच्या नागलीच्या आधी हिला पाड्यावर आणा. भर सभेत सांगू दे, काय बनवते ते. मी उठून 'नाही' म्हणणार. बाकीच्यांनी काय म्हणायचं ते म्हणावं."

दिनेशने दोरी सोडली. चिमणाबाईने पहिलं पोतं खांद्यावर घेतलं. आशाने एकाही पोत्याला हात लावला नाही. ती बाजूला सरकून उभी राहिली आणि पोती आत जाताना बघत राहिली.

"साहेब उद्या किती वाजता येणार?" तिने विचारलं.

"अकराला."

"मग आम्ही आज परत जात नाय." तिने पिशवी जीपमधून काढून खांद्याला लावली. "त्याला माझ्यासमोरची खुर्ची द्या. दुकानाच्या नऊ अर्जांचं उत्तर आलं नाय, या दहाव्याचं मी तोंडीच घेणार हाय."